एकमत

खडखडाटवाल्यांनी नव्या अल्बमचं नाव 'एकमत' ठेवलं, तेव्हा सुसाटला आधी हसू आलं आणि मग तोंड जे कडू झालं ते आठवडाभर काही गोड होईना. जनाची नाही तर मनाची तरी. ज्या बँडनं आपल्या ड्रमरला एकमतानं घरी बसवलं, त्याच बँडनं पुढच्या अल्बमवर हाच शब्द लिहायचा, तोही लाल ठळक अक्षरांत, आणि खाली जुन्या चौघांचे नि नव्या ड्रमरचे हसरे चेहरे छापायचे. वर पुन्हा ती पोस्टरं गावभर चिकटवायची. सुसाटच्या दुकानासमोरच्या भिंतीवर तर ओळीनं तीन लावली होती.

सुसाट हे काही त्याचं खरं नाव नव्हे. खरं नाव विजेच्या बिलावर होतं आणि तिथेच बरं होतं. तो ड्रमवर बसला की गाणं ज्या चालीत सुरू व्हायचं त्या चालीत कधी संपायचं नाही. शेवटच्या कडव्याला येईपर्यंत उतारावरून सुटलेल्या हातगाडीसारखं धावत असायचं. लोकांना तेच आवडायचं. खडखडाट ऐकायला यायचं ते धाप लागायला यायचं, असं लोकच म्हणायचे. पंचवीस वर्षं तो असा धावला आणि आता घराच्या खालच्या खोलीत कपडे धुण्याची मशिनं दुरुस्त करत होता. काम वाईट नव्हतं. मशीन निदान नाटक करत नाही, बिघडलंय तर बिघडलंय असं आवाजातच सांगतं.

बँडमध्ये सगळ्यांचंच बारसं असं बँडनं केलेलं. गाणारा तो राजे, कारण स्टेजवर पंख्याचा वारा जिथे लागेल ती जागा आधी त्याची. गिटारवाला पंडित; तो दोन गाण्यांच्या मध्ये तारा जुळवायला बसला की प्रेक्षक बाहेर जाऊन चहा पिऊन येत. कीबोर्डवाला पोटापाण्यासाठी लोकांचे दात काढायचा, म्हणून डॉक्टर. आणि बास गिटार वाजवणारा तो खांब. अख्खा कार्यक्रम तो एका फरशीवर उभा राहून वाजवी, पाय म्हणून हलवत नसे. हा खांब सुसाटचा मेहुणा, त्याच्या धाकट्या बहिणीचा नवरा.

या धाकट्या बहिणीला सुसाट ठकी म्हणायचा. पन्नाशीला टेकली तरी ठकीच. ती बँडचा आवाज सांभाळायची. म्हणजे कार्यक्रमात हॉलच्या दुसऱ्या टोकाला बटणांच्या टेबलामागे बसून, कुणाचं किती ऐकू जायचं ते ती ठरवायची. राजेचा घसा बसला की त्याला उचलून धरायची, पंडित भलतीकडे भरकटला की त्याला हळूच खाली दाबायची. हे पाच जण स्टेजवर मिरवायचे ते तिच्या जिवावर. पण तिचा फोटो कधी कुठल्या पोस्टरवर आला नाही आणि बँडमध्ये तिला मतही नव्हतं. ती वाजवत नाही ना, मग मत कसलं, असा त्यांचा न्याय.

मताची भानगड अशी होती. सुरुवातीच्या काळात यांची एवढी भांडणं व्हायची, की एकदा गाणं कुठलं घ्यायचं यावरून पंडितनं डॉक्टरला खुर्ची फेकून मारली. तेव्हा राजेनं नियम घातला. काहीही ठरवायचं असेल तर सगळ्यांनी डोळे मिटायचे, ज्याला पटलं त्यानं हात वर करायचा आणि फक्त एकानं डोळे उघडे ठेवून मोजायचं. आकडा सांगेपर्यंत कुणी डोळे उघडायचे नाहीत. आकडा सांगितला की हात खाली, डोळे उघडे, विषय संपला. कुणाचा हात वर होता हे विचारायचं नाही आणि मोजणाऱ्याच्या आकड्यावर कुणी बोलायचं नाही. कुणाला बँडमध्ये घ्यायचं किंवा काढायचं असेल, तर मात्र बाकीच्या सगळ्यांचे हात वर हवेत. एक जरी खाली राहिला तरी नाही म्हणजे नाही.

मोजायचं काम सुसाटकडे आलं. गाणं सुरू करताना एक-दोन-तीन-चार ओरडणारा तोच, तेव्हा हातही त्यानंच मोजावेत. पंचवीस वर्षं त्यानं ते इमानेइतबारे केलं. कुणी कुणाच्या पाठीत किती वेळा खंजीर खुपसला हे त्याला एकट्याला माहीत होतं, आणि त्यानं कधी ताकास तूर लागू दिली नाही.

मग रेकॉर्ड कंपनीचा माणूस आला. हल्लीच्या काळात असं धावतं वाजवून चालत नाही, म्हणाला. कानात यंत्राची टकटक लावायची आणि तिच्याबरोबर वाजवायचं, म्हणजे गाणं जागचं हलत नाही. सुसाटनं ते करूनही पाहिलं. कुणीतरी मागून खांद्यावर बोट मारत 'हळू, हळू' म्हणतंय असं त्याला सारखं वाटत राहिलं. चौथ्या गाण्याला त्यानं हेडफोन काढून ठेवले आणि सांगितलं, मला हे जमायचं नाही, आणि जमवून घ्यायचंही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी, सरावाच्या खोलीत, राजेनं घसा खाकरला. टायरच्या गोदामामागची खोली ती, भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या. त्यांच्या कापसाचा कोंदट वास कायम नाकात बसलेला. राजे म्हणाला, "आपल्याला एक मत घ्यायचंय. तुझ्याबद्दल."

सुसाट म्हणाला, "मग मोजणार कोण?"

"तूच मोज. आमचा तुझ्यावर विश्वास आहे."

आता याला काय म्हणायचं? ज्याला फासावर द्यायचं त्याच्याच हातात दोर, आणि वर कौतुक की बाबा, गाठ तुझ्याइतकी चांगली कुणाला मारता येत नाही. सुसाटला तेव्हाही हसू आलं होतं. चौघांनी डोळे मिटले. राजेचा हात ताडकन वर गेला. पंडितचा गेला. डॉक्टरचा कोपरात वाकून, अर्धामुर्धा, पण गेला. खांबाचे दोन्ही हात बासच्या दांड्यावर होते आणि तिथेच राहिले.

तीन हात. 'तीन' म्हटलं असतं तर सुसाट आजही ड्रमवर बसला असता. पण त्याच्या डोक्यात तिडीक गेली. ज्यांच्याबरोबर आपण त्यांच्या संसारापेक्षा जास्त वर्षं काढली त्या तिघांना आपण नको आहोत, आणि उरलेल्या एकाचा हात खाली राहिला तो बायको घरात घेणार नाही म्हणून. अशा खाली राहिलेल्या हाताच्या आधारानं राहायचं? त्यापेक्षा घरी बसलेलं काय वाईट? आणि आणखी एक गोष्ट त्याला बघायची होती. खोलीत एकच माणूस असा होता ज्याला खोटं मोजल्याचं कळलं असतं.

"चार," तो म्हणाला.

आणि थांबला. 'अरे थांब, माझा हात खाली आहे,' एवढं एक वाक्य त्याला हवं होतं. नियम मोडला तर मोडला. खांबानं डोळे उघडले, बासच्या तारांकडे पाहिलं, आणि मूग गिळून बसला. राजे गहिवरल्यासारखा काहीतरी बोलायला लागला. सुसाटनं आपल्या काठ्या उचलल्या आणि तो निघाला.

भावाला एकमतानं काढलं असं ठकीला कळलं तेव्हा तिनं कार्यक्रमाचे हेडफोन राजेच्या टेबलावर नेऊन ठेवले आणि पुन्हा त्या लोकांचं तोंड पाहिलं नाही. नवऱ्याला टाकता येईना, म्हणून घरात जेवढ्यास तेवढं. "माझ्या भावाला काढायला तुझा हात वर गेला कसा, एवढं सांग," हे तिनं त्याला हज्जारदा विचारलं. खांबानं कधी उत्तर दिलं नाही. देणार काय, कपाळ? हात खाली होता म्हटलं, तर पुढचा प्रश्न तयार होता, की मग तोंड का नाही उघडलंस?

आणि सुसाट? तोही गप्पच राहिला. ठकी आठवड्यातून दोनदा डबा घेऊन यायची, त्याच्या दुकानातल्या स्टुलावर बसून नवऱ्याचा उद्धार करायची, आणि हा मान हलवत जेवायचा. खोटं कशाला बोला, त्याला ते गोड लागायचं. सगळ्या जगानं पाठ फिरवली तरी आपली बहीण आपल्या बाजूनं उभी आहे, आपल्यासाठी तिनं हातचं काम सोडलं, याचा त्याला अभिमानही होता. दोन-अडीच वर्षं त्यानं तो असा पोसला.

तर पोस्टरं लागली त्या दिवशी ठकीनं बॅग भरली आणि ती भावाकडे आली. "माझ्या दारासमोर 'एकमत' लिहून ठेवलंय, आणि मी रोज त्याखालून जाऊन त्यातल्याच एकाच्या घरात राहू? मला नाही जमायचं." मग ती वरच्या खोलीत राहायला लागली. दिवसा खिडकीत बसून फोनवर बोलायची. एक नाटक कंपनी तिच्या मागे लागली होती. गावोगाव फिरायचं, त्यांचा आवाज सांभाळायचा. ती त्यांना सारखी "कळवते, कळवते" म्हणत होती. सुसाट म्हणाला, "आता या वयात कुठे वणवण करतेस? राहा की इथेच." तिनं फोन पुन्हा कानाला लावला.

अल्बम बाजारात येण्याच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, खांब दुकानाच्या दारात येऊन उभा राहिला. बगलेत चौकोनी पाकीट. हल्ली पुन्हा तबकड्या काढायची टूम निघाली होती ना, तशी मोठी काळी तबकडी.

सुसाट एका मशिनचं पोट उघडून आत हात घालून बसला होता. त्यानं मान वर केली नाही. "काय रे, तुमच्याकडचं मशीन बिघडलं?"

"नाही. तुला ऐकवायला आणलंय."

"मी ऐकून काय करू? मोजणार का माझं मत?"

"ठकी वर आहे?"

"आहे. खाली यायची नाही."

खांब आत आला आणि जिथे ठकी बसायची त्याच स्टुलावर बसला. सुसाटला ते आवडलं नाही. पण कोपऱ्यात एका गिऱ्हाइकानं टाकून दिलेला, त्यानं दुरुस्त केलेला रेकॉर्ड प्लेअर होता, आणि खोटं कशाला, अल्बम ऐकायची त्याला आतून खाज सुटलीच होती. त्यानं हात पुसले आणि पाकिटातून तबकडी काढली.

पहिलं गाणं सुरू झालं. सुरुवातीला कुणी एक-दोन-तीन-चार म्हटलं नाही. एकदम सगळे बरोबर सुरू झाले, दिवा लावल्यासारखे. नवा ड्रमर वाजवत होता तो बिनचूक. सुसाटनं त्याचं नाव मनातल्या मनात घड्याळ ठेवलं. एक ठोका इकडे नाही की तिकडे नाही. राजेचा आवाज इतका छान लागला होता की बोलायची सोय नाही. धावपळ नसल्यामुळे त्याला श्वास घ्यायला जागा मिळत होती. पंडितची गिटार पहिल्यांदाच सुरात होती. सुसाट दुसरं गाणं ऐकून होईपर्यंत वाट बघत होता, की आता घसरतील, आता माती खातील. तिसरं गाणं झालं. कुणी माती खाल्ली नाही.

अल्बम चांगला होता. सुसाट असता त्यापेक्षा तो नसल्यानं चांगला झाला होता, आणि हे त्याला, ड्रमरला, लपवूनही लपवता आलं नसतं. एखादा चोर घरात शिरला असता तर त्याला एवढा संताप आला नसता.

"बरं झालंय," तो म्हणाला.

"हो," खांब म्हणाला. "सगळे तेच म्हणतात."

पाचव्या गाण्यात मात्र सुसाटनं कान टवकारले. गाणं संथ होतं. राजेनं ते कुणा निघून गेलेल्या दोस्तावर लिहिलं होतं. असले कढ काढण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. शब्दांकडे सुसाटनं लक्षच दिलं नाही. तो बास ऐकत होता. बास मागे पडत होता. फार नाही, केसभर. पण प्रत्येक फेरीला पडत होता.

हे काय आहे ते त्याला लगेच कळलं. जन्मभर तो पुढे पळायचा आणि खांब मागून ओढून धरायचा. त्या ओढाताणीतच तर खडखडाटचा आवाज होता. आता पळणारा गेला होता, घड्याळ जागच्या जागी उभं होतं, आणि हा बाबा अजून ओढतच होता. सवयीनं. तिकडे कुणी नव्हतं तरी. सुसाटला क्षणभर भरून आलं. उठून त्याच्या पाठीवर हात ठेवावा असं वाटलं. आणि वाटलं तेवढ्यावरच राहिलं.

जिन्यावर पावलं वाजली. ठकी खाली आली होती. वरच्या फरशीतून तिला सगळं ऐकू गेलं असणार, तिच्या कानांतून काय सुटतंय? नवऱ्याकडे न बघता ती रेकॉर्ड प्लेअरपाशी गेली आणि मान तिरपी करून ऐकत राहिली.

"अजून धरून ठेवतोय दादाला," ती म्हणाली. "तिथे कुणी नाही हे बोटांना कुणी सांगितलं नाही वाटतं. मी टेबलावर असते तर हे असं जाऊ दिलं नसतं."

"म्हणूनच तू हवी होतीस," खांब म्हणाला.

"हात वर करायच्या आधी ते सुचायला हवं होतं."

खांब स्टुलावरून उठला. दोन्ही हात समोर धरून, हे हात कुणाचे हे त्यालाच माहीत नसल्यासारखा उभा राहिला. मग सुसाटला म्हणाला, "सांग तिला."

"काय सांगू?"

"तुला माहीत आहे काय ते. तू मोजलं होतंस."

"नियम आहे ना आपला, कुणाचा हात होता ते सांगायचं नाही."

"नियम गेला खड्ड्यात. माझ्या घरात दोन-अडीच वर्षं स्मशानशांतता आहे. तुला काही वाटतं की नाही? तू सांगितलंस तरच तिचा विश्वास बसेल. माझ्यावर नाही बसायचा."

ठकी एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघायला लागली. "काय सांगायचंय?"

आता सुसाटला बोलणं भाग होतं. त्याला अगदी नीट दिसत होतं की निम्मं सांगून भागेल. हात खाली होता, एवढंच सांगितलं तर खांब सुटतो. पण खांब का सुटावा? अल्बम त्याचा, बायको त्याची, आणि आपल्याला काय, गंजलेल्या मशिनांची पोटं? सुसाट तसा एकदा सुटला की मागे न बघणारा. त्यानं सगळंच सांगायचं ठरवलं, अशा हिशेबानं की खांबाची पुरती जिरेल.

"याचा हात खाली होता," तो म्हणाला. "तीनच हात होते. मी चार म्हणालो."

ठकीनं नवऱ्याच्या हातांकडे बघितलं.

"मी चार म्हणालो आणि वाट बघितली. याच्या तोंडासमोर थांबलो होतो मी. हा एक शब्द बोलला असता तर मी तिथेच राहिलो असतो. हा बोलला नाही. तोंडात मिठाची गुळणी धरून बसला. आता विचार त्याला, का ते."

"का?" ठकीनं विचारलं.

खांबानं मान खाली घातली. "मोजलेल्यावर बोलायचं नाही असा नियम."

"आत्ताच खड्ड्यात घातलास ना तो?"

गाणं संपून पुढचं लागलं. मग खांब म्हणाला, "सुटल्यासारखं वाटलं मला. खरं सांगतो. हात खाली ठेवला तो तुझा नवरा म्हणून. आणि हा चार म्हणाला तेव्हा वाटलं, चला, माझ्या हातानं काही झालं नाही आणि झालंही. आता हळू वाजवता येईल. माझे खांदे दुखायचे गं याला ओढून ओढून."

"घे," सुसाट म्हणाला. "हा तुझा नवरा."

त्याला वाटलं होतं की आता ठकी खांबावर तुटून पडेल. पण ती वळली सुसाटकडे. आवाज चढवला नाही तिनं. कार्यक्रमाआधी माइक तपासताना बोलायची तशी, एकेक शब्द वेगळा करून बोलली.

"म्हणजे तुला कुणी काढलंच नव्हतं."

"तिघांना नको होतो मी."

"तिघांना कुणी विचारलं? नियमानं तू बँडमध्ये होतास. तू स्वतःच्या पायानं गेलास, रुसून. आणि मी हेडफोन ठेवून आले तुझ्यासाठी. मला वाटलं, माझ्या भावावर अन्याय झाला. घरात मी याच्याशी धड बोलले नाही. तुझ्यासाठी डबे आणले. या स्टुलावर बसून मी याला शिव्या घातल्या आणि तू जेवत होतास, दादा. माहीत असून जेवत होतास. एकदा तरी म्हणायचंस, ठके, पुरे कर, त्याचा हात खाली होता."

"तू विचारलं नाहीस मला," सुसाट म्हणाला. बोलला आणि त्यालाच ते किती हलकट वाटलं.

"नाही विचारलं. तू मोजत होतास ना, म्हणून."

खांब म्हणाला, "जाऊ दे ठके, झालं ते झालं. चल घरी. उद्यापासून टेबलावर तू ये, मी राजेशी बोलतो."

"तू बोलणार?" ती म्हणाली. "तू?" आणि पहिल्यांदाच हसली, पण ते हसू काही बघण्यासारखं नव्हतं. मग तिनं रेकॉर्ड प्लेअरची सुई उचलून बाजूला ठेवली. खोली एकदम शांत झाली. "एवढी वर्षं तुमच्यात राहिले, मला कधी मत दिलं नाहीत. मोजायला तर नाहीच नाही. आज मी मोजते. बसा दोघं. डोळे मिटा."

"ठके, हा काय पोरकटपणा?"

"पोरकट असेल. तुमचाच आहे. मिटा."

दोघे बसले. खांब स्टुलावर, सुसाट उलट्या ठेवलेल्या मशिनच्या पत्र्यावर. दोघांनी डोळे मिटले. त्यांच्या अंगवळणीच पडलं होतं ते.

"माझ्या हातचं काम गेलं, घर गेल्यात जमा आहे," ठकीचा आवाज आला. "ते ज्याच्यामुळे गेलं, त्यानं हात वर करायचा."

सुसाटचा उजवा हात गुडघ्यावर होता. त्याला तेलाचा वास येत होता. हात वर करायला हवा हे त्याला कळत होतं. एवढंही न कळण्याइतका तो मूर्ख नव्हता. पण आधी खांबानं करावा. बँडमध्ये राहिला कोण? अल्बमवर फोटो कुणाचा? सुटल्यासारखं कुणाला वाटलं? आपण निदान किंमत तरी मोजली. हा आधी हात वर करेल, मग आपण करू. खांब हललेला ऐकू येतो का म्हणून त्यानं कान दिला. स्टूल कुरकुरलं नाही.

"दोन," ठकी म्हणाली.

सुसाटनं डोळे उघडले. त्याचा हात गुडघ्यावरच होता. समोर खांबाचे दोन्ही हात मांडीवर, एकमेकांत गुंतवलेले, आणि ते आत्ता खाली आणलेले नव्हते हे आंधळ्यालाही दिसलं असतं. ठकी दोघांच्या मध्ये उभी होती. ती वाट बघत होती.

'थांब, माझा हात खाली होता,' एवढंच म्हणायचं होतं. त्या दिवशी गाद्यांच्या खोलीत ज्या वाक्यासाठी तो ताटकळला होता तेच वाक्य, शब्दाला शब्द. ते तोंडापर्यंत आलंही. पण हात खाली होता म्हणायचं म्हणजे, सगळं माझ्यामुळे झालं तरी मी हात वर केला नाही, हेच बहिणीच्या तोंडावर सांगायचं. त्यापेक्षा तिनं मोजलंय दोन, तर दोन असू दे. त्यात सगळ्यांचीच अब्रू राहते. आणि हे मनात आल्या आल्या त्याला कळलं, की त्या दिवशी खांबाला नेमकं काय झालं होतं. अगदी असंच झालं होतं.

तो गप्प बसला. खांबही गप्प बसला.

त्या दिवशी 'चार' म्हणून सुसाट जेवढा थांबला होता तेवढीच ठकी थांबली असेल, जास्त नाही. मग ती वर गेली. बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला, आणि मग फोनवर बोलण्याचा. "हो, मीच. येते मी. नाही, आजच. तुमची गाडी चौकातून जाईल ना, तिथे उभी राहते." ती जिना उतरली, दुकानातून दोघांच्या मधून गेली आणि रस्ता ओलांडून त्या तीन पोस्टरांच्या पुढे निघून गेली. तिनं मागे वळून बघितलं नाही. भावावर गेली होती.

तबकडी पाकिटात घालत खांब म्हणाला, "तुझा तरी वर होता का?"

सुसाटनं स्क्रू-ड्रायव्हर उचलला. "मोजणाऱ्याच्या आकड्यावर बोलायचं नाही," तो म्हणाला, आणि मशिनच्या पोटात हात घातला.